स्टॅबिलायझरचा दोष

१२ ऑक्टोबर १९९८, सोमवार

माया नागसेन खोब्रागडे,

तुझ्या शाळेतून पत्र आले आहे. पत्र माझ्या नावे आहे, पण विषयाच्या ओळीत तुझे पूर्ण नाव आहे – 'स्व. श्रीमती माया खोब्रागडे के पास रही चाबियों के सम्बन्ध में'. संगणक कक्षाच्या दाराची किल्ली आणि आतल्या लोखंडी कपाटाची किल्ली. दाराची दुसरी किल्ली त्यांच्याकडे आहे, कपाटाची नाही. नवे संगणक यायचे आहेत, जागा रिकामी करून हवी आहे.

किल्ल्या तुझ्या पर्समध्ये असणार. पर्स खुंटीवर आहे. नऊ फेब्रुवारीला तुला रुग्णालयातून परत आणले, त्या दिवसापासून मी तिला हात लावलेला नाही.

तुला उद्देशून लिहायला मी आज प्रथमच बसलो आणि चार ओळींतच लक्षात आले की तो अधिकार मला नाही. तू समोर असताना जे सांगितले नाही, ते तू नसताना तुझ्या नावाने लिहिणे ही पळवाट झाली. यापुढे जे लिहीन ते या वहीपुरते.

१४ ऑक्टोबर, बुधवार

पर्स उघडली. रुमाल, खडूचा तुकडा, लवंगांची पुडी, दोन किल्ल्यांचा जुडगा. लवंगांना अजून वास आहे!

२० ऑक्टोबर, मंगळवार

काल दिवाळी झाली. आमच्या घरी ती नसते, सुट्टी असते. रुचिरा कानपूरच्या वसतिगृहातून आली आहे. आज जमघट. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सगळे लखनौ गच्चीवर चढून पतंग उडवते. आमच्या तेलीबागेतही सकाळपासून "वो काटा!" चालू होते. माया दर वर्षी गच्चीवर जात असे. मी एकदा हटकले, तेव्हा म्हणाली होती, "पतंग कुणाच्या देवाचा नाही हो. वाऱ्याचा आहे."

दुपारी रुचिरा गच्चीवरून खाली आली. बोटाला मांज्याने कापले होते. हात नळाखाली धरून म्हणाली,

"पापा, मम्मी का पतंग वाला गेम सच में कहीं नहीं बचा?"

मी वर्तमानपत्र वाचत होतो, म्हणजे धरून बसलो होतो.

मग ती बोलतच राहिली. वसतिगृहातल्या मुली म्हणे रंगीत खेळ खेळतात. गाड्या, गोळ्या, रक्त! दोन दिवसांत कंटाळा येतो. "मम्मी के गेम में पतंग बस एक ईंट का निशान थी, पत्ते वाली ईंट, और डोर की जगह डैश-डैश-डैश। पर शुक्ला आंटी की पतंग आते ही मेरे हाथ काँपते थे।" ईंट म्हणजे पत्त्यांतली चौकट. मायाने प्रतिस्पर्ध्यांना शेजाऱ्यांची नावे दिली होती. शुक्लाबाईंचा मांजा सगळ्यांत पक्का. ते कळल्यावर शुक्लाबाई स्वतः खेळायला आल्या आणि स्वतःच्याच पतंगाकडून हरल्या.

दुसरा खेळ 'बत्ती'. वीज जायच्या आत दहा पोळ्या लाटायच्या. वीज कधी जाईल ते संगणकालाही ठाऊक नसे. गेली की पडदा काळा, आणि मग खाली हळूच एक ओळ रोमन लिपीत उमटे – 'घबराइए मत। मोमबत्ती दूसरी दराज़ में है।' आमच्या स्वयंपाकघरात मेणबत्त्या खरोखरच दुसऱ्या कप्प्यात असत. रुचिरा लहानपणी ते वाचून उठून कप्पा उघडून बघत असे.

"सब स्टेबलाइज़र खा गया," ती हसून म्हणाली. "मम्मी भी ना! रखती थीं भी तो उसी के ऊपर।"

मी "हो" म्हणालो.

किती सहज म्हणालो!

२१ ऑक्टोबर, बुधवार

रुचिरा सकाळच्या गाडीने गेली. संध्याकाळी वीज गेली. दुसऱ्या कप्प्यात मेणबत्त्या होत्या. मायाने आणलेले पाकीट. तीन उरल्या आहेत. लावली नाही, अंधारात बसून राहिलो.

२५ ऑक्टोबर, रविवार

घडले ते क्रमाने लिहितो.

१९९१ साली रुचिराच्या अभ्यासासाठी मी एका सहकाऱ्याकडून जुना संगणक घेतला. काळा पडदा, हिरवी अक्षरे. सोबत व्होल्टेजसाठी एक भला मोठा स्टॅबिलायझर. तो दिवसभर घुमत असे. माया गणिताची शिक्षिका. शाळेने तिला तीन आठवड्यांच्या संगणक प्रशिक्षणाला पाठवले होते. तिथून ती खेळ रचायला शिकून आली. पोळ्या झाल्या की पदराला हात पुसत त्या पडद्यासमोर बसे. वहीत चौकटी आखी, त्यात पतंग हलवून बघे, मग आज्ञा टंकित करी. शाळेतल्या मुलींना नेऊन दाखवी. मला म्हणे, "अहो, एकदा खेळून तर बघा." मी कधीही खेळलो नाही. एकदाही नाही!

माझे वडील नागपूरच्या गिरणीत होते. घरात एकच कंदील. त्याखाली मी अभ्यास करी. खेळताना सापडलो तर ते मारत नसत, रागवतही नसत. कंदील उचलून दुसऱ्या खोलीत घेऊन जात. त्या कंदिलानेच मी पदवीपर्यंत आलो, या शहरात जनगणना कार्यालयात अधिकारी झालो. घरातला संगणक मला तो कंदील वाटे. त्याच्या उजेडात बायको पतंग उडवते याची मला लाज वाटत असे.

१० एप्रिल १९९४. रविवार. माया आणि रुचिरा मायाच्या भावाच्या लग्नाला नागपूरला. चौदा तारखेच्या जयंतीसाठी आमच्या विहाराची स्मरणिका निघायची होती. संपादनाचे काम माझ्याकडे होते. मजकूर सोमवारी सकाळी छापखान्यात द्यायचा. मजकुराला दोन फ्लॉप्या लागत होत्या. घरात कोरी एकही नव्हती, आणि रविवारी हज़रतगंजची दुकाने बंद.

स्टॅबिलायझरवर मायाची पेटी होती. आत सात फ्लॉप्या. प्रत्येकीवर तिच्या अक्षरात चिठ्ठी – पतंग, बत्ती, मलिहाबादचे आंबे, रिक्षा. मी चिठ्ठ्या वाचल्या. हे लिहून ठेवणे आवश्यक आहे. मी वाचल्या होत्या. नागपूरला तिच्या भावाकडे दूरध्वनी होता, तेही मला ठाऊक होते.

दोन लागत होत्या, मी सातही पुसल्या. कार्यालयीन शिस्तीप्रमाणे प्रत्येकीच्या तीन प्रती, आणि एक राखीव. संगणक एकेक फ्लॉपी नव्याने आखून, म्हणजे फॉरमॅट करून घेत होता, आणि मी शेजारी उभा राहून चहा पीत होतो. मनात एकच वाक्य होते – खेळच तर आहेत.

छापखान्याचे काम झाल्यावर मी सातही फ्लॉप्यांवरचा मजकूर काढून टाकला आणि ज्या पाकिटातली जी, ती त्यात परत ठेवली. व्यवस्थित!

माया परत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यासमोर बसली. एकामागून एक सातही फ्लॉप्या लावल्या. मग,

"अहो, या सगळ्या रिकाम्या दिसताहेत."

मी दाढी करत होतो. आरशातूनच म्हणालो, "पेटी स्टॅबिलायझरवर ठेवतेस ना? त्यात चुंबक असते. गेले असेल सगळे."

ती पडद्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मग म्हणाली, "असेल. माझीच चूक."

उठली, पेटी उचलली आणि कपाटावर ठेवली. मला वाटले, सुटलो.

त्यानंतर तिने घरी एकही खेळ रचला नाही. पेटी पुढे कुठे गेली ते मी विचारले नाही. शनिवारी शाळेतून उशिरा येऊ लागली, तेही विचारले नाही. पाहुणे आले की ती हा किस्सा रंगवून सांगे. "मी म्हणजे अशी वेंधळी! स्टॅबिलायझरला खेळ खाऊ घातले!" लोक हसत. शेवटी माझ्याकडे वळून विचारी, "नाही का हो?" आणि मी दर वेळी म्हणे, "होय."

ती स्वतःला दोषी समजत गेली. पावणेचार वर्षे. मी समजू दिले.

३१ ऑक्टोबर, शनिवार

शाळेत गेलो. किल्ल्या देऊन पाच मिनिटांत परत येईन असे ठरवले होते. तीन तास लागले.

संगणक कक्षात मनीषा श्रीवास्तव नावाची तरुण शिक्षिका भेटली. "अंकल, हम मैम के पहले बैच के हैं। यहीं पढ़े, अब यहीं पढ़ाते हैं।" तिच्यासमोर मी कपाट उघडले. किल्ली पहिल्याच फेरीत फिरली. आत रजिस्टरे असतील, अशी माझी कल्पना.

फ्लॉप्या होत्या. चाळीस-पन्नास. बुटांच्या खोक्यांत, इयत्तेनुसार लावलेल्या, प्रत्येकीवर एका मुलीचे नाव.

"हर शनिचर को लंच के बाद मैम गेम बनवाती थीं," मनीषा म्हणाली. "शर्त बस एक थी, गेम में अपना मोहल्ला होना चाहिए। बाहर की गोली-बंदूक नहीं चलेगी।"

तिने एकेक लावून दाखवली. एकीच्या खेळात गच्चीवर वाळत घातलेल्या बड्या, म्हणजे आपले सांडगे, माकडांपासून वाचवायच्या. एकीच्या खेळात आजीची नजर चुकवून लोणच्याच्या बरणीपर्यंत पोचायचे. आजी म्हणजे दोन शून्ये, तिचा चष्मा. शून्ये उघडी असताना हललात तर हरलात. मी हसलो. स्वतःच्या हसण्याचा आवाज ऐकून गप्प झालो.

सगळ्यांत मागच्या खोक्यात मायाच्या स्वतःच्या होत्या. 'पतंग – पुन्हा'. 'बत्ती – पुन्हा'. सगळे तिने नव्याने रचले होते. इथे. मला न सांगता.

"बैठिए अंकल, खेलिए।"

मी बसलो. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी 'बत्ती' खेळलो. चार पोळ्या झाल्या आणि वीज गेली. पडदा काळा. मग खाली ओळ उमटली –

'स्टेबलाइज़र को दोष मत दीजिए। मोमबत्ती दूसरी दराज़ में है।'

पहिले वाक्य जुन्या खेळात नव्हते.

मनीषा हसत होती. "इस पर तो पूरी क्लास लोट-पोट हो जाती थी। मैम कहती थीं, घर पर फ्लॉपी महफ़ूज़ नहीं रहतीं, स्टेबलाइज़र बड़ा भूखा है। तभी तो इस अलमारी की चाबी किसी को नहीं देती थीं।"

मग तिने तळातून दोऱ्याने बांधलेली एक चळत काढली. सात फ्लॉप्या. माझ्या ओळखीच्या चिठ्ठ्या. "और ये मैम का सबसे पक्का सबक़ था।"

एक लावली. यादी मागितली. मजकूर काहीच नाही, पण वर एक ओळ होती. फ्लॉपीचे नाव – SMARANIKA3.

नव्याने आखून झाल्यावर संगणक विचारतो, या फ्लॉपीचे नाव काय? न देता पुढे जाता येते. पण जनगणनेत पहिल्या दिवशी पहिली सूचना असते की एकही रकाना रिकामा सोडू नये. सव्वीस वर्षे मी हाताखालच्यांना तेच शिकवले. त्या रविवारी संगणकाने सात वेळा विचारले आणि मी सात वेळा भरले. क्रमांकासह! पुढे मजकूर काढून टाकला, तेव्हा नाव आतच राहते हे मला ठाऊक नव्हते.

मनीषा एकेक मुद्दा बोटावर मोजत शिकवल्यासारखी बोलत होती. "चुम्बक लग जाए तो मशीन पढ़ती ही नहीं, एरर देती है। और जो ख़ाली हो, पर नाम लिखा हो, तो समझो किसी का हाथ लगा है। हम पूछते थे, किसका हाथ, मैम? तो कहतीं, किसी बहुत सलीक़े वाले आदमी का। कोई ख़ाना ख़ाली नहीं छोड़ता।"

दर वर्षी. प्रत्येक तुकडीला.

म्हणजे त्या सकाळी, मी आरशात बघून चुंबकाचे सांगत होतो तेव्हा, ते नाव तिच्या समोर पडद्यावर होते.

मनीषाला काही ठाऊक नाही. तिने पाणी आणून दिले. म्हणाली, नव्या संगणकांत या मोठ्या फ्लॉप्या बसतच नाहीत. जुनी यंत्रे सोमवारपासून निघतील, मग हे खेळ कुठे चालणार? "दिल तो बहुत दुखता है, अंकल। पर अब रखें कहाँ?"

किल्ल्या परत न करताच घरी आलो.

१ नोव्हेंबर, रविवार

"नाही का हो?" – ती मला दर वेळी संधी देत होती. पावणेचार वर्षे, पाहुण्यांसमोर, हसत. मी "होय" म्हणत होतो.

४ नोव्हेंबर, बुधवार

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून रुचिराला दूरध्वनी केला. घरून करण्याचे धैर्य झाले नाही. तिथे ती खुंटी समोर असते. सगळे सांगितले. चिठ्ठ्या वाचल्या होत्या, हेही.

तिने शेवटपर्यंत ऐकले. मग –

"मम्मी सबके सामने ख़ुद को लापरवाह बोलती थीं। आप बग़ल में बैठे रहते थे, पापा।"

"हो."

"चाय पीते हुए।"

"हो."

"और अभी जमघट पर मैंने पूछा था..."

"हो."

तिने रिसीव्हर ठेवला. बूथवाला म्हणाला, "कट गया क्या, बाबूजी? फिर से लगाएँ?" मी नको म्हणालो.

७ नोव्हेंबर, शनिवार

पत्र नाही.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

रुचिराचे आंतर्देशीय आले. चार ओळी. मायना नाही. 'इक्कीस को शनिवार है, स्कूल आऊँगी। मम्मी के गेम पहले मैं अकेले खेलूँगी। आप बाहर बैठिएगा।'

बसेन.

१८ नोव्हेंबर, बुधवार

मुख्याध्यापिकांना भेटलो. घरचा जुना संगणक शाळेला देऊ केला. त्यात मोठ्या फ्लॉप्या चालतात. एक कोपरा द्यावा, एवढीच विनंती केली. त्या म्हणाल्या, "नए के ज़माने में पुराना कौन देता है, खोब्रागडे साहब?" पण दिला. दुपारी सायकल-रिक्षात ठेवून स्वतः घेऊन गेलो. पडदा मांडीवर, स्टॅबिलायझर पायांशी. रिक्षावाला म्हणाला, "भैया, टीवी है?" मी म्हणालो, कंदील आहे. तो समजला नाही. मीही समजावले नाही.

मनीषाने यंत्र लावले. स्टॅबिलायझर घुमू लागला. "अरे अंकल, यही है वो भूखा वाला?" मी मान हलवली. बोलायला हवे होते. बोललो नाही! पुन्हा!

२१ नोव्हेंबर, शनिवार

रुचिरा आली. आत एकटी बसली. मी व्हरांड्यात. तासाभराने आतून हाक आली – "पापा, बत्ती गई।" आत गेलो. पडद्यावर ती ओळ होती. तिने खुर्ची थोडी सरकवली, मी शेजारी बसलो. दोघे मिळून सात पोळ्या झाल्या.

फ्लॉप्या सगळ्या त्याच कपाटात ठेवल्या. घरी एकही आणली नाही.

किल्ल्या जमा करण्याचे रजिस्टर मनीषाने पुढे केले. दिनांक, नाव, संख्या, हस्ताक्षर. शेवटचा रकाना 'अभ्युक्ति'. म्हणजे शेरा. वरपासून खालपर्यंत तो सर्वांनी रिकामा सोडला होता. मी लिहिले – 'दिनांक 10-4-94 को श्रीमती माया खोब्रागडे की सात फ्लॉपियाँ मैंने जान-बूझकर मिटाईं तथा दोष स्टेबलाइज़र पर डाला।' खाली पूर्ण नाव.

मनीषाने वाचले. पुन्हा वाचले. माझ्याकडे पाहिले नाही.

"तारीख़ भी डाल दी आपने, अंकल," एवढेच म्हणाली.

दाराला कुलूप लावले. किल्ल्या परत केल्या.